जपानी वाचन आणि मेंदूची इजा : काना अडते तेव्हा कांजी का अडत नाही?

शब्दवेध (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी योकोहामात राहून जपानी-मराठी आणि जपानी-इंग्रजी तांत्रिक अनुवादाचे काम करतो. लिपी हा माझा रोजचा व्यवहार असला, तरी वाचणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला आमच्या शेजारच्या आजोबांमुळे भाग पडले. ते शाळेतले निवृत्त शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला. उजवा हात बऱ्यापैकी सावरला, बोलणे मात्र अजून अडखळत येते. घरी आल्यावर त्यांच्या मुलीने औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून तो फ्रीजला चिकटवला आणि वाचायला सोपे जावे म्हणून तो मुद्दाम हिरागानात, म्हणजे लहान मुले पहिल्यांदा शिकतात त्या लिपीत लिहिला. आजोबांना तो वाचता येईना. ‘आसा’ म्हणजे सकाळ या शब्दातली दोन अक्षरेही ते एकमेकांना जोडू शकत नव्हते. वैतागून तिने तोच मजकूर नेहमीसारखा कांजीत लिहिला, तेव्हा सकाळ, दुपार आणि रात्र ही तिन्ही चिन्हे त्यांनी क्षणात ओळखली.

ज्यांना जपानी येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जपानी मजकुरात दोन प्रकारच्या लिप्या एकाच ओळीत नांदतात. पहिला प्रकार काना (आपला काना-मात्रेतला काना नव्हे). त्यात हिरागाना आणि काताकाना असे दोन संच असून प्रत्येकात ४६ मूळ अक्षरे आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराचा उच्चार ठरलेला आहे. दुसरा प्रकार कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चिन्हे. सर्वसाधारण वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो, पण उच्चार बहुधा एकाहून अधिक असतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे शेजारच्या चिन्हावर किंवा संपूर्ण शब्दावर ठरते. मुलांच्या पुस्तकांत अवघड कांजीच्या बाजूला बारीक अक्षरांत काना छापतात, त्याला फुरिगाना म्हणतात. ही सोय आजोबांच्या बाबतीत नेमकी उलटी पडली होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. परदेशी नावे काताकानात लिहितात, त्यामुळे माझ्या दारावरची पाटीही काताकानात आहे. दहा वर्षे रोज पाहिलेली ती पाटी आता त्यांना वाचता येत नाही, पलीकडच्या घरांवरची जपानी आडनावे मात्र येतात. जे सोपे तेच गेले आणि जे शिकायला शाळेची नऊ वर्षे लागतात ते राहिले, हे कसे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

गिरमिट

यात फार गूढ आहे असे मला वाटत नाही. कांजी ही मुळात चित्रे आहेत आणि चित्रे मेंदूचा उजवा गोलार्ध पाहतो. काना ही ध्वनीची लिपी, ती भाषेच्या म्हणजे डाव्या गोलार्धाच्या ताब्यात. डावी बाजू दुखावली की काना जाणार आणि कांजी राहणार. हे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

मज्जासेतू

मी चेताविकारतज्ज्ञ आहे. गिरमिट यांनी लिहिलेला समज फार लोकप्रिय आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. १९७० च्या दशकात निरोगी जपानी वाचकांना पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला क्षणभर एखादे चिन्ह दाखवून प्रयोग झाले. डाव्या बाजूला दिसलेले आधी उजव्या गोलार्धात पोहोचते, आणि काही प्रयोगांत सुटी कांजी डाव्या बाजूला अधिक चांगली ओळखली गेली. एवढ्यावरून ‘कांजी उजवीकडे’ हे सूत्र रूढ झाले. पण रुग्ण काही वेगळेच सांगतात. कांजी वाचण्याची किंवा लिहिण्याची क्षमता निवडकपणे हरवलेले जे रुग्ण काळजीपूर्वक तपासले गेले, त्यांची इजा प्रामुख्याने डाव्याच गोलार्धात आढळली. कांजीचे घर उजवीकडे असते तर असे झाले नसते. शिवाय कांजी ही चित्रे नव्हेत. झाडाचे चिन्ह झाडासारखे दिसते हे शाळेत सांगायला बरे असते, पण बहुसंख्य कांजी अर्थ सुचवणारा एक भाग आणि उच्चार सुचवणारा दुसरा भाग जोडून घडलेल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. मेंदूच्या इजेने वाचन जाण्याला आम्ही ॲलेक्सिया म्हणतो. याचा पाया फ्रान्समध्ये ज्यूल देजेरीन यांनी १८९१ आणि १८९२ मध्ये वर्णन केलेल्या दोन रुग्णांवर उभा आहे. पहिल्याचे वाचन आणि लेखन दोन्ही गेले होते, आणि इजा डाव्या अँग्युलर गायरसमध्ये, म्हणजे (ऐकण्याच्या) कानाच्या वर थोडी मागे असलेल्या मेंदूच्या वळीत होती. दुसरा लिहू शकत असे, पण स्वतःच लिहिलेले त्याला वाचता येत नसे. त्याची इजा डोक्याच्या मागच्या, दृष्टीच्या भागात आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये होती. हे सगळे रोमन अक्षरांपुरते होते. एकाच माणसाच्या डोक्यात स्वभावाने इतक्या भिन्न दोन लिप्या असतील तर काय होईल, हा प्रश्न युरोपला पडण्याचे कारणच नव्हते. जपानी डॉक्टरांच्या पुढ्यात मात्र तो रोज येत होता.

सुमिको सासानुमा आणि ओसामु फुजिमुरा यांनी १९७१ मध्ये वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडलेल्या, रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना वाचाघाताबरोबर उच्चारांची जुळवणी करण्यातही अडचण होती, त्यांच्या चुका कानामध्ये विशेष वाढलेल्या दिसल्या. यातून मिळणारा धागा महत्त्वाचा आहे, कारण बिघाड डोळ्यांशी किंवा अक्षराच्या आकाराशी नसून ध्वनी हाताळण्याशी जोडलेला होता. १९७५ मध्ये आत्सुशी यामादोरी यांनी वाचन-लेखन दोन्ही बिघडलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याचे कांजीवाचन कानाच्या मानाने बरेच शाबूत होते. पुढे १९८४ मध्ये माकोतो इवाता यांनी या सगळ्याची एक मांडणी केली. त्यांच्या मते दृष्टीच्या भागातून निघालेला मजकूर दोन वाटांनी जातो. वरची वाट अँग्युलर गायरसमधून ध्वनीकडे जाते आणि काना मुख्यतः तिच्यावर विसंबते. खालची वाट डाव्या टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानपट्टीजवळच्या खंडाच्या) मागच्या-खालच्या भागातून अर्थाकडे जाते आणि कांजीला तिचा आधार लागतो. आजोबांचे अडखळणारे बोलणे आणि अडलेली काना यांचे मूळ बहुधा एकच असावे, मात्र त्यांचा स्कॅन न पाहता याहून अधिक बोलणे योग्य होणार नाही.

गिरमिट

उजव्या गोलार्धाविषयीचे माझे म्हणणे मागे घेतो. पण दोन वाटांची कल्पना गळी उतरण्याआधी एक साधी शंका आहे. मी हौसेने थोडी जपानी शिकलो आहे. निश्चय किंवा ध्येय या अर्थाचा ‘कोकोरोझाशी’ हा शब्द कांजीत एका चिन्हात मावतो, कानात त्याला पाच अक्षरे लागतात. ज्याला अक्षरे ओळखायलाच वेळ लागतो त्याला पाचांपेक्षा एक सोपे जाणारच. मग फरक लिपीचा की निव्वळ संख्येचा?

मज्जासेतू

शंका अगदी मर्मावर आहे आणि या क्षेत्रातल्या लोकांनाही तिने सतावले आहे. देजेरीन यांच्या दुसऱ्या रुग्णासारखा, लेखन शाबूत असलेला शुद्ध ॲलेक्सिया झाला की माणूस एकेक अक्षर सुटे वाचून शब्द जुळवतो, त्यामुळे शब्द लांबला की वेळ वाढत जातो. अशा रुग्णाला कानातला मजकूर जड जाणे यात संख्येचा वाटा नक्कीच आहे, आणि तो वगळून तुलना करण्यासाठी चाचणीतले शब्द फार जपून निवडावे लागतात.

मात्र केवळ संख्या हेच कारण असते तर कांजी कोलमडली आणि काना तरली, असे कधीच घडायला नको होते. ते घडते. सोमा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये डाव्या टेम्पोरल लोबच्या मागच्या-खालच्या भागात इजा झालेले रुग्ण वर्णिले. त्यांना कांजी लिहिताना चिन्ह आठवेना, काना मात्र सरळ उतरे. यासुहिसा साकुराई यांनी पुढे याच परिसराचा बारकाईने नकाशा तयार केला. त्यांच्या मते या भागाच्या मधल्या पट्ट्यात इजा झाली की कांजी जाते, आणि आणखी मागे, दृष्टीच्या भागाला लागून झाली की कानाचे वाचन अधिक अडते. म्हणजे दोन ‘वाटा’ हे चित्रही आता जरा ढोबळ वाटते. वाटांच्या सुरुवातीलाच फाटे आहेत.

याहून विलक्षण उदाहरण बरेच जुने आहे. १९४३ मध्ये त्सुनेओ इमुरा यांनी ‘गोगी’ वाचाघाताचे वर्णन केले. गोगी म्हणजे शब्दार्थ. या रुग्णांचे बोलणे ओघवते असते, ऐकलेला शब्द ते जसाच्या तसा परत म्हणून दाखवतात, पण त्याचा अर्थ हरवलेला असतो. काना ते खडाखडा वाचतात. कांजीचे मात्र विचित्र होते. कोळंबीला जपानीत ‘एबी’ म्हणतात, आणि हा शब्द लिहितात ‘समुद्र’ आणि ‘म्हातारा’ ही दोन चिन्हे जोडून. हा उच्चार त्या दोन चिन्हांपैकी कोणाचाच नाही, तो पूर्ण शब्दालाच चिकटलेला आहे. अर्थ हरवलेला माणूस दोन्ही चिन्हांचे नेहमीचे उच्चार जोडून ‘काइरो’ असे काहीतरी वाचतो. भेटवस्तूला ‘मियागे’ म्हणतात आणि लिहितात ‘माती’ व ‘उत्पादन’. तिथे ‘दोसान’ ऐकू येते. पाश्चात्त्य वैद्यकात ज्याला १९८९ पासून सिमँटिक डिमेन्शिया (शब्दांचे अर्थ हळूहळू पुसत जाणारा स्मृतिभ्रंश) म्हणू लागले, त्याचे हे बरेच आधीचे आणि नेमके वर्णन होते, पण युद्धाच्या काळात जपानीत छापलेले असल्यामुळे बाहेर फारसे पोहोचले नाही.

यातली चूक नीट पाहिली तर लक्षात येईल की कांजीवाचनही ध्वनीच्या वाटेने होऊ शकते. या रुग्णांची कांजी सगळी गेलेली नसते, ज्या शब्दांत उच्चार अनियमित आहे तेवढेच शब्द जातात. म्हणून मी ‘कांजीची वाट’ आणि ‘कानाची वाट’ असे म्हणणे टाळतो. वाटा ध्वनीच्या आणि अर्थाच्या आहेत. कोणती लिपी कोणत्या वाटेवर किती भार टाकते, एवढाच फरक आहे.

काना_मात्रा

माझ्या टोपणनावाची कोटी धाग्याच्या सुरुवातीलाच झाली, तेव्हा लिहिणे भाग आहे. मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे.

आधी एक आडवळण. कानाच्या तक्त्याचा क्रम अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. मराठी माणसाला तो ओळखीचा वाटला तर नवल नाही, कारण बौद्ध भिक्षूंनी संस्कृतासाठी सिद्धम् लिपीचा जो अभ्यास केला त्यातून तो आला आहे. ‘ह’ हा ‘प’च्या जागी बसलेला दिसतो, कारण प्राचीन जपानीत तिथे ‘प’ होता, असे अभ्यासक मानतात. ‘च’च्या जागी ‘स’ दिसतो त्याचेही असेच काहीसे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे फ्रीजवरच्या त्या कागदाचे आपल्या बाराखडीशी दूरचे नाते आहे.

आता मुद्द्याकडे येते. देवनागरीचा स्वभाव कानाजवळचा आहे, कारण अक्षर पाहिले की उच्चार बहुतांशी हाती येतो. त्यामुळे इमुरा यांच्या रुग्णासारखा बिघाड मराठी वाचकाला झाला तर तो मराठी मजकूर भराभर वाचेल आणि घरच्यांना काही कळणारही नाही, असा माझा तर्क आहे. तो उघडा पडलाच तर इंग्रजीत पडेल. ‘कर्नल’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः वाचले तर ‘कोलोनेल’ होते, आणि असा माणूस ते तसेच वाचेल. मात्र मराठीतही एक फट आहे. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडे हे दोन्ही शब्द एकसारखेच लिहितो, पण पहिल्यातला ज ‘जीव’मधला आणि दुसऱ्यातला ‘जहाल’मधला. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांचेही तेच. लिपी हा भेद दाखवत नाही, तो वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचा असतो. अर्थ हरवला तर उच्चार कोणत्या बाजूला झुकेल, हे तपासण्यासारखे आहे. शिवाय आपल्या मजकुरात एक खरीखुरी कांजीही आहे, ती म्हणजे अंक. ‘५’ या चिन्हात ‘पाच’चा कोणताही ध्वनी लिहिलेला नाही, आणि ‘२५’ वाचताना ‘दोन’ किंवा ‘पाच’ यांपैकी काहीच न उच्चारता आपण ‘पंचवीस’ म्हणतो. कोळंबीचा ‘एबी’ होतो तो असाच.

भारतीय लिप्यांवर असे काम झालेच नाही, असे मात्र नाही. प्रतिभा कारंत यांनी १९८१ मध्ये कानडी आणि इंग्रजी वाचणाऱ्या एका द्विभाषिकाच्या शुद्ध ॲलेक्सियाविषयी लिहिले होते.

गिरमिट

‘२५’चे उदाहरण आवडले. पण मग काना आणि कांजी यांच्यातला फरक नुसता लिपीच्या ‘पारदर्शकते’चा, म्हणजे अक्षरावरून उच्चार किती सरळ कळतो याचा, म्हणायचा का?

काना_मात्रा

बऱ्याच अंशी होय, आणि त्याला दोन आधार आहेत. १९९६ मध्ये कॅरलिन पॅटरसन, सुझुकी आणि ताएको वायडेल यांनी एक जपानी रुग्ण तपासला. त्याला कानात लिहिलेले ओळखीचे शब्द वाचता येत, पण कानातच लिहिलेले निरर्थक, बनावट शब्द येत नसत. अक्षरे तीच होती, लिपी तीच होती. पुढे असे दिसले की लिखित मजकूर बाजूला ठेवून नुसत्या तोंडी ध्वनींशी खेळायला सांगितले, तरीही तो अडखळतो. म्हणजे दुखणे लिपीत नव्हते, त्याच्या ध्वनिव्यवस्थेतच होते.

दुसरा आधार मेंदूच्या इजेचा नाही, पण तो इथे शोभून दिसतो. १९९९ मध्ये वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजीभाषी मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरची भाषा इंग्रजी असूनही त्याला इंग्रजी वाचताना डिस्लेक्सियाची तीव्र अडचण येत असे, आणि जपानी मात्र, काना आणि कांजी दोन्ही, तो उत्तम वाचत असे. त्यांचे म्हणणे असे की लिपी पारदर्शक असेल, किंवा ध्वनीचा घटक मोठा असेल (कानात एक अक्षर, कांजीत बहुधा सबंध शब्द), तर ध्वनींचा बारीक भुगा करायची गरज पडत नाही. इंग्रजी मात्र एकेका वर्णाचा हिशेब मागते आणि शिवाय तो नेहमी सारखा लागत नाही.

सावरी

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. धाग्यात शरीररचनेची चर्चा पुष्कळ झाली, म्हणून फक्त उपचाराविषयी लिहिते. आजोबांच्या मुलीला एक गोष्ट अवश्य सांगावी : त्यांना लहान मुलांची पुस्तके देऊ नयेत. ‘सोप्यापासून सुरुवात’ हा आपला सहजस्वभाव आहे, पण इथे सोपे काय याची व्याख्याच बदललेली असते, आणि आयुष्यभर शिकवलेल्या माणसाच्या हाती अंकलिपी दिली की त्याचे मन फार दुखावते.

जपानमधले उपचारक शाबूत कांजीचा हात धरून काना परत शिकवतात. जपानीत एकाच कानाइतके लांब शब्द बरेच आहेत : की म्हणजे झाड, ते म्हणजे हात, मे म्हणजे डोळा, हा म्हणजे दात. रुग्णाला झाडाची कांजी वाचता येते, तेव्हा तिच्याशेजारी ‘की’ हे काना अक्षर ठेवून दोहोंची गाठ मारायची. ज्या ध्वनीसाठी असा शब्द नसेल तिथे त्या ध्वनीने सुरू होणारा एखादा नेहमीचा शब्द घ्यायचा, मग तो पूर्ण आठवून त्यातला पहिला ध्वनी वेगळा काढायला शिकवायचे. ही शेवटची पायरीच सर्वांत कष्टाची असते, कारण ध्वनी सुटे करणे हेच तर बिघडलेले असते. महिनोन्महिने लागतात.

शुद्ध ॲलेक्सिया असलेल्यांसाठी मार्ग वेगळा. त्यांना अक्षर गिरवायला लावायचे. डोळ्यांना न ओळखता आलेले अक्षर बोटाच्या हालचालीतून ओळखता येते, कारण लेखनाची स्मृती शाबूत असते. जपानी माणसे एरवीही एखादी कांजी आठवेना की हवेत किंवा तळहातावर बोटाने ती लिहून पाहतात, त्याला ‘कुशो’ असा शब्दही आहे. त्यामुळे हा उपाय त्यांना परका वाटत नाही. पाटीवर गिरवत शिकलेल्या आपल्या पिढीलाही तो परका वाटू नये.

शब्दवेध

सर्वांचे आभार. सावरी यांचा प्रतिसाद मी जपानीत उतरवून आजोबांच्या मुलीला दिला. त्यांच्या उपचारकेंद्रात हीच पद्धत चालू आहे, फक्त तिचे कारण त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. ते ऐकल्यावर तिने घरातली चित्रांची पुस्तके उचलून ठेवली. आजोबांची ‘की’, ‘ते’ आणि ‘मे’ ही अक्षरे पक्की झाली आहेत, ‘हा’ आणि ‘हो’ यांत अजून गोंधळ होतो. कांजीत छापलेली वर्तमानपत्राची मथळ्यांची ओळ मात्र ते माझ्याआधी वाचून मोकळे होतात, अर्थात क्रियापदांची कानातली शेपटी गाळून, त्यामुळे घटना घडली की घडली नाही हे मला विचारतात.

माझ्या दारावरच्या पाटीचे प्रकरण त्यांनी आपल्या परीने निकालात काढले. माझ्या आडनावात ‘गाव’ आहे, हे मी कधीतरी त्यांना सांगितले होते. परवा त्यांनी पेन्सिल मागितली, काताकानातल्या नावाखाली डाव्या हाताने ‘गाव’ या अर्थाची एकच कांजी काढली आणि ती मोठ्याने वाचली. तेव्हापासून ते मला ‘मुरा-सान’ अशी हाक मारतात.